परदेशातून एच-१बीवर अमेरिकेत परतताना: उरलेले दिवस मोजा, मगच नोकरी शोधा

अमेरिकेत तीन-चार वर्षे एच-१बी या कामाच्या व्हिसावर काम करून पुण्या-मुंबईला परतलेल्या अनेकांना वाटते, की वर्षभर बाहेर राहिलो म्हणजे जुना हक्क बुडाला, आता पुन्हा लॉटरी. तसे नाही. एच-१बीची मुदत एकूण सहा वर्षांची असते. त्यातला न वापरलेला काळ पुढे कधीही मागता येतो, आणि एकदा कोट्यात (वर्षाला ठरलेल्या एच-१बीच्या संख्येत) मोजल्या गेलेल्या माणसाला त्यासाठी लॉटरीत उतरावे लागत नाही. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: आधीची नोकरी विद्यापीठात किंवा ना-नफा संशोधन संस्थेत असेल, तर तुम्ही कोट्यात मोजले गेलेलेच नसता. मग खासगी कंपनीसाठी लॉटरी लागतेच.

सुरुवात कागदांपासून करा. सगळे जुने आय-७९७ (एच-१बी मंजुरीची पत्रे), डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराची व कराची विवरणपत्रे), शेवटच्या पगारपत्रिका आणि संपलेले पासपोर्टसुद्धा काढा. अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) संकेतस्थळावरून प्रवासाचा इतिहास उतरवून घ्या. त्यात एखादी फेरी गाळलेली दिसली, तर पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटे कामी येतात.

आता दिवस मोजा. एच-१बीवर असताना सुट्टीसाठी भारतात आलात, तर ते दिवसही सहा वर्षांत धरले जात नाहीत. मात्र बाहेर काढलेला पूर्ण दिवसच वजा होतो. १० डिसेंबर २०१९ ला निघालात आणि ५ जानेवारी २०२० ला उतरलात, तर ११ डिसेंबर ते ४ जानेवारी असे २५ दिवस मिळतात, २७ नव्हे. जाण्याचा आणि येण्याचा दिवस अमेरिकेतलाच. म्हणजे साडेतीन वर्षे राहिलेल्याला या एका फेरीसह अडीच वर्षे आणि २५ दिवस उरतात. प्रत्येक फेरीचा असा तक्ता करून पुरावे जोडा आणि वकिलाला द्या. कंपनीने पिटिशनमध्ये (तुमच्यासाठी सरकारकडे केलेल्या अर्जात) हे दिवस मागितले नाहीत, तर ते आपोआप मिळत नाहीत.

सलग वर्षभर बाहेर राहिलेल्यांना दुसरा रस्ताही असतो: नवी कोरी सहा वर्षे. पण त्यासाठी मार्चमधली नोंदणी, लॉटरी आणि कामाला सुरुवात १ ऑक्टोबरपासूनच. उरलेला काळ वर्षाहून जास्त असेल, तर आधी तोच वापरणे शहाणपणाचे. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल आणि ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख आली नसेल, तर सहा वर्षांपलीकडे तीन वर्षेही मिळू शकतात. जुन्या कंपनीकडून तो क्रमांक जरूर मिळवा.

पिटिशन कंपनीच दाखल करते. आधी श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींच्या हमीपत्राची मंजुरी), त्याला साधारण सात कामाचे दिवस, मग आय-१२९ हा पिटिशनचा फॉर्म. त्याचा खर्च कंपनीने करायचा असतो. तो तुमच्याकडून मागणारी ऑफर तिथेच नाकारा.

सध्याची सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. २१ सप्टेंबर २०२५ पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवे पिटिशन दाखल करताना १ लाख डॉलर भरावे लागतात, असा आदेश निघाला. लॉटरी नको म्हणून ही रक्कमही नको, असे समजू नका. पासपोर्टवरचा जुना एच-१बी व्हिसा अजून संपलेला नसेल, तर तो जपा: त्याच्यामुळे ही रक्कम टळू शकते, आणि कंपनी बदलली तरी नव्या आय-७९७ सोबत तोच चालतो. या आदेशाची मूळ मुदत १२ महिन्यांची आहे आणि ती वाढवता येते. म्हणून पिटिशन दाखल होईल त्या दिवशी काय लागू आहे, ते वकिलाकडून लेखी घ्या.

व्हिसा संपला असेल तर स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा घेणे) आलेच. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा, २०५ डॉलर फी भरा, बायोमेट्रिक आणि मुलाखतीच्या वेळा घ्या. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीला ड्रॉपबॉक्सची (मुलाखतीशिवाय कागद जमा करण्याची) सोय उरलेली नाही, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियाही तपासतात, त्यामुळे खाती सार्वजनिक ठेवावी लागतात. डीएस-१६० वरच्या नोकरीच्या तारखा लिंक्डइनशी जुळवून पाहा. त्या डिसेंबरात मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या होत्या. व्हिसा हातात येईपर्यंत भारतातला राजीनामा देऊ नका.

मंजूर पिटिशन लागू होण्याच्या तारखेआधी १० दिवसांपर्यंत अमेरिकेत उतरता येते, काम मात्र त्या तारखेपासूनच. उतरल्यावर त्याच दिवशी आय-९४ उघडून पाहा. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर आय-९४ वर आय-७९७ पेक्षा आधीची तारीख पडू शकते, आणि राहण्याची मुदत आय-९४ वरचीच धरतात. म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण भारतातच उरका.