गड उतरताना घोटा मुरगळला, तर

गड चढताना दम लागतो, पण पाय मुरगळतो तो बहुतेकदा उतरताना. मांड्या थकलेल्या असतात, लक्ष खालच्या चहाकडे असते आणि सुट्या मुरुमावर पाऊल आत वळते. राजगडाच्या चोर दरवाजाने गुंजवण्याकडे उतरताना माझे असेच झाले. बरोबरचे एक काका म्हणाले, "इकडे दे, एक झटका मारतो, बसेल जागेवर." मी ओरडलो, म्हणून पाय वाचला.

नुसत्या मुरगळलेल्या घोट्यात बसवण्यासारखे काहीच नसते, कारण जागचे काही हललेलेच नसते. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. पाऊल आत वळले की ते ताणले जातात किंवा फाटतात. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून सूज येते आणि एक-दोन दिवसांत काळानिळा रंग टाचेपर्यंत उतरतो. अशा पायाला झटका देणे किंवा तो जोरात चोळणे म्हणजे अर्धवट फाटलेले आणखी फाडणे.

जागेवरच

आधी बसा, पाणी प्या. पाय वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटे गार किंवा बधिर पडली असतील, तर चालू नका. पाय आहे तसा काठी-चटईने बांधून स्थिर करा आणि १०८ ला फोन करा.

तसे काही नसेल तर उभे राहून चार पावले टाकून बघा. लंगडत टाकली तरी चालतील. जमली, तर लेस घट्ट बांधून आधाराने हळूहळू उतरा. बूट वाटेत काढू नका. सुजलेल्या पायावर तो परत चढत नाही.

मोडले की मुरगळले?

खाली पोचल्यावर बूट काढा आणि बोटाने दाबून पाहा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि टोक, खालून साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत. मग करंगळीच्या रेषेत मागे येत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर लागणारा उंचवटा, आणि आतल्या अंगाला घोट्याच्या पुढचे हाड. यांपैकी एखाद्या हाडावर दाबताच कळ आली, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेली ही कसोटी आज जगभर वापरली जाते. लहान मुले आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले लोक यांच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

पहिले दोन-तीन दिवस

बर्फ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बोटांच्या मुळाशी सुरू करून घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत वर न्या, बोटे उघडी ठेवा, झोपताना सोडा. पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. आजीच्या हळदीच्या लेपाशी माझे भांडण नाही. तो कढत लावून वर चोळतात, त्याच्याशी आहे. या दिवसांत शेक आणि मालीश दोन्ही टाळा.

आराम आणि बर्फाचा हा मंत्र १९७८ साली ज्या अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी रूढ केला, त्यांनीच पुढे मत बदलले: बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून बर्फ फक्त दुखणे कमी करण्यापुरता, आणि आठवडाभर पलंगावर पडून राहायचे नाही.

मग हलवायला लागा

दुखणे सोसण्याइतके झाले की बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत क ते ज्ञ गिरवा. पाऊल फिरेल तेवढेच फिरवा. ओढणी चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा. पायावर भार पेलू लागला की भिंतीला हात टेकून टाचा उचला, आधी दोन्ही, मग एकच.

आता लोक हमखास सोडून देतात ते: एका पायावर उभे राहणे. लिगामेंटमध्ये पाऊल कुठे, किती वळले हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोके असतात. ती दुखावली की पुढच्या खड्ड्यात सावरायला उशीर होतो, म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दात घासताना अर्धा मिनिट दुखऱ्या पायावर उभे राहा. जमले की डोळे मिटून, पण भिंतीजवळ. दुखणे थांबल्यावरही महिना-दोन महिने हे चालू ठेवा.

हलकी लचक एक-दोन आठवड्यांत आवरते, जास्त फाटले असेल तर दीड महिना किंवा त्याहून अधिक. पाच-सहा दिवसांनीही भार पडत नसेल, किंवा पुढे चालताना घोटा सटकल्यासारखा वाटत राहिला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पुढचा ट्रेक ठरवण्याआधी दुखऱ्या पायावर दहा उड्या मारून बघा. दुसऱ्या पायाइतक्याच सहज जमल्या तरच निघा, आणि सुरुवातीचे काही ट्रेक घोट्याचा पट्टा बांधून करा. उतरताना पावले आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि काठी चढणीपेक्षा थोडी लांब करून घ्या.