उपवनच्या काठावरून रोजचे आकाश टिपताना

ठाण्यात रोज निसर्गाचे छायाचित्रण करायचे असेल, तर नव्या जागा शोधत हिंडण्याऐवजी उपवन तलावाचा काठ निवडावा आणि तिथलेच एखादे झाड वर्षभर टिपावे. येऊरचे डोंगर पश्चिमेला असल्याने सकाळचे कोवळे ऊन त्यांच्यावर समोरून पडते. संध्याकाळी मात्र सूर्य त्यांच्याच आड जातो.

प्रकाशमापन आकाशाच्या उजळ भागावर करावे. बहुतेक मोबाइलमध्ये ढगाच्या पांढऱ्या कडेवर बोट दाबून धरले, की फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचे प्रमाण) लॉक होते. मग उजेड किंचित कमी करावा, कारण सावलीतला तपशील नंतर बऱ्याच अंशी उजळता येतो, पण पांढराफटक पडलेला ढग परत मिळत नाही. कॅमेरा असल्यास आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि ट्रायपॉड पुरे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी भरते, तेव्हा खाली वाकून फांद्यांमागे निव्वळ आकाश येईल अशी चौकट धरावी. इमारतीचा एक कोपराही त्या लालीचा रसभंग करतो. माझ्या मते पावसाळ्यातली उघडीप सर्वांत मोलाची, कारण हवेतली धूळ धुऊन निघाल्याने डोंगरावरची झाडे सुटी सुटी दिसतात. अशा वेळी लेन्सवरचे बाष्प मऊ कापडाने अलगद टिपून घ्यावे, घासू नये.