'जेन एअर'ची मालिका पाहायची असेल तर

शार्लट ब्रॉन्टेची 'जेन एअर' ही कादंबरी 16 ऑक्टोबर 1847 रोजी लंडनमध्ये तीन खंडांत निघाली. लेखकाचे नाव छापले होते करर बेल. बाई की पुरुष, वाचकाला पत्ता लागू नये म्हणून. 38 प्रकरणांचा हा ऐवज दोन तासांच्या चित्रपटात बसवायचा म्हणजे हातपाय कापणे आलेच. म्हणून पडद्यावर पाहायची तर आधी मालिका पाहावी. मात्र बीबीसीनेच ती अनेकदा केली आहे: 1973 मध्ये पाच भागांत, 1983 मध्ये अकरा भागांत, 2006 मध्ये चार भागांत. शोधताना नुसते नाव टाकले की या सगळ्या आणि अर्धा डझन चित्रपट एकत्र समोर येतात.

सुरुवात 2006 पासून करा. दिग्दर्शिका सुझॅना व्हाइट, पटकथा सँडी वेल्श, जेनच्या भूमिकेत रूथ विल्सन आणि रॉचेस्टर, म्हणजे जेन जिथे शिकवायला जाते त्या थॉर्नफील्ड वाड्याचा मालक, टोबी स्टीफन्स. चार भाग मिळून साधारण साडेतीन तास. इंग्रजी ऐकायची फारशी सवय नसलेल्यालाही ती पेलते, कारण बरेचसे चेहऱ्यांवर आणि घराच्या अंधारावर सोपवले आहे. 1983 ची मालिका (झीला क्लार्क, टिमथी डाल्टन) याच्या उलट आहे. तिच्यात कादंबरीतले संवाद जवळजवळ जसेच्या तसे येतात, पात्रे उभी राहून लांबलचक बोलतात आणि घराच्या आतले प्रसंग स्टुडिओत चित्रित झाल्याचे लपत नाही. पुस्तक आवडलेल्याला ती सोन्याहून पिवळी वाटते; पुस्तक न वाचलेला तिसऱ्या भागाआधीच उठून जातो. पहिले दोन भाग बालपण आणि शाळेतच जातात, हेही एक कारण. म्हणून ती दुसऱ्या फेरीला, पुस्तक हाताशी घेऊन.

विकत किंवा भाड्याने घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: भागांची संख्या आणि एकूण वेळ. 2006 च्या नावाखाली दीड-दोन तासांचे काही दिसले तर ते कापलेले आहे किंवा भलताच चित्रपट आहे. 1983 ची पूर्ण आवृत्ती साडेपाच तासांच्या आसपास भरते. 1997 मध्ये आयटीव्हीने केलेले रूपांतर (समँथा मॉर्टन, किअरन हाइंड्स) टीव्हीसाठीच असले तरी ते एकाच बैठकीचे आहे, मालिका नव्हे. डीव्हीडी परदेशातून मागवत असाल तर रीजन, म्हणजे चकती कोणत्या देशांत चालेल याचा क्रमांक, पाहा. भारत रीजन 5 मध्ये येतो, ब्रिटन 2 मध्ये, अमेरिका 1 मध्ये. साधा प्लेअर दुसऱ्या रीजनची चकती नाकारतो, त्यामुळे सर्व रीजन चालवणारा प्लेअर लागतो. ब्रिटिश चकती आपल्यासारखीच पाल या टीव्ही-चित्रपद्धतीची असते, एवढी सोय आहे.

टीव्ही आधी नीट लावून घ्या

गॉथिक, म्हणजे जुने वाडे आणि रहस्य असलेल्या, मालिकेत निम्मी कथा अंधारात घडते आणि दुकानातून आलेला टीव्ही अंधाराचा शत्रू असतो. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर मेणबत्तीचा पिवळा प्रकाश निळसर पांढरा दिसतो आणि सावल्यांतले तपशील काळ्या डागात बुडतात. तो 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. वीज वाचवण्यासाठी असलेला इको मोड आणि खोलीतल्या उजेडानुसार पडदा कमी-जास्त करणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. नाहीतर थॉर्नफील्डच्या वरच्या मजल्यावरच्या बोळात कोण चालले आहे ते दिसणार नाही. याउपर काळे काळेच राहिले तर 'ब्राइटनेस' एक-दोन घरे वाढवा. 'कॉन्ट्रास्ट'ला हात लावू नका. खोलीतला दिवा पूर्ण मालवण्यापेक्षा टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवलेला बरा, डोळे कमी थकतात. पडद्यासमोरची ट्यूबलाइट मात्र नक्की बंद.

हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. एलजीवर तिला 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगच्या जुन्या संचांवर 'ऑटो मोशन प्लस'. ती चालू असली की 2006 ची मालिका लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसू लागते.

1983 ची मालिका 4:3 चौकटीतली आहे. डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसणारच. ते घालवायला 'झूम' केले तर डोकी कापली जातात, 'वाइड' केले तर जेन लठ्ठ होते. 'ओरिजिनल' किंवा '4:3' ठेवा आणि पाच मिनिटे धीर धरा, पट्ट्यांचा विसर पडतो. संगणकावर चकती पाहताना हलत्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर ती इंटरलेसिंगची (चित्र एकाआड एक ओळींत साठवण्याची) खूण. व्हीएलसीमध्ये 'व्हिडिओ' मेनूतून 'डीइंटरलेस' चालू करून 'याडिफ (2एक्स)' निवडा.

आवाजाची अडचण वेगळी. यॉर्कशरचे नोकर-चाकर बोलू लागले की इंग्रजीत पटाईत माणूसही चाचपडतो, म्हणून इंग्रजी सबटायटल्स पहिल्या मिनिटापासून ठेवा. संवाद पुटपुटल्यासारखे वाटले तर साउंडबारवरचे 'डायलॉग' किंवा 'क्लिअर व्हॉइस' चालेल, पण 'नाइट मोड' नको. तो मोठे आवाज दाबतो आणि हलके वर खेचतो, मग कुजबुज, पाऊस आणि माडीवरून येणारे ते हसू सगळे एकाच पातळीवर येते. त्या हसण्याने दचकायचे आहे, तो आनंद का घालवायचा?

पाहण्याआधी काय वाचू नये

पात्रयादी उघडू नका. कोणत्याही संकेतस्थळावर नट-नट्यांच्या नावांसमोर पात्रांची नावे दिलेली असतात आणि त्यातले एक नाव-आडनाव सगळे रहस्य फोडते. भागांचे सारांशही तसेच. स्ट्रीमिंग मंचावर पुढच्या भागाचे चित्र आपोआप येत असेल तर 'ऑटोप्ले' बंद ठेवा.

वाचायचेच असेल तर एवढे पुरे. गव्हर्नेस म्हणजे घरात राहून मुलांना शिकवणारी बाई. ती नोकरांत मोडत नाही आणि घरच्यांतही नाही. दिवाणखान्यात बसते पण तिच्याशी कोणी बोलत नाही. जेनला वर्षाला 30 पौंड मिळतात, आधीच्या शाळेतल्या पगाराच्या दुप्पट. ती जेमतेम अठरा वर्षांची, रॉचेस्टर पस्तिशी ओलांडलेला. दोघेही दिसायला सुंदर नाहीत हे पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितले आहे, आणि पडद्यावर हे जवळजवळ कोणीच पाळलेले नाही. डाल्टनकडे पाहून 'मी देखणा आहे का?' या प्रश्नाला जेन 'नाही' म्हणते तेव्हा हसू आवरत नाही.

2006 ची मालिका एका बैठकीत उरकू नका. दोन संध्याकाळी, दोन-दोन भाग, ही विभागणी चांगली बसते. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये मोठा खंड पडू देऊ नका, कारण चौथा भाग माळरानावर, मधले बरेच काही गाळून उघडतो आणि गाळलेले नंतर आठवणींच्या तुकड्यांतून देतो. 1983 ची मालिका रोज दोन भाग या हिशेबाने आठवड्याच्या आत संपते.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांनी इथे थांबून आधी मालिका पाहावी. पुढे रहस्य उघडे आहे.

धागे कुठे तुटतात

ही कादंबरी जेन स्वतः सांगते. ती गप्प बसते, खाली पाहते, 'हो सर' म्हणते आणि त्याच वेळी वाचकाला सगळे सुनावत असते. कॅमेऱ्यासमोर यातला दुसरा भाग नाहीसा होतो आणि उरते एक शांत, शहाणी मुलगी. प्रत्येक रूपांतराने यावर काय तोड काढली आहे ते पाहणे, हाच दुसऱ्या फेरीतला खरा रस. 1940 च्या दशकातल्या हॉलिवूडपटात (जोन फाँटेन आणि ऑर्सन वेल्स, जो तेव्हा तिशीच्याही आत होता) पुस्तकाचे पान दाखवून निवेदन ऐकवले आहे; गंमत म्हणजे त्या पानावरचा मजकूर कादंबरीत कुठेच नाही. 2006 मध्ये छोटी जेन एकदम वाळवंटात उभी दिसते. घरात पडद्याआड लपून पुस्तक वाचणाऱ्या मुलीच्या डोक्यात काय चालले आहे ते निवेदनाशिवाय सांगण्याची ती युक्ती आहे. तिथून पुढे रूथ विल्सनच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा, रॉचेस्टर बोलत असताना तर विशेष.

जिप्सीचा प्रसंग (प्रकरणे 18 आणि 19) सगळ्यांनाच जड जातो. पुस्तकात रॉचेस्टर म्हातारी भविष्यवाली बनून पाहुण्यांना फसवतो आणि शेवटी जेनपुढे सोंग उतरवतो. छापील पानावर आवाज आणि टोपी एवढ्यावर निभावते; पडद्यावर प्रेक्षक नटाला क्षणात ओळखतो. म्हणून 2006 मध्ये खरीच जिप्सी बाई बोलावली आहे आणि रॉचेस्टर आडून ऐकतो. 2011 च्या चित्रपटाने प्रसंगच काढला. 1983 मध्ये डाल्टन स्वतः सोंग घेतो आणि ते फसवे अजिबात वाटत नाही, तरी मूळ प्रसंग कसा आहे ते कळायला तोच पाहावा लागतो.

सर्वांत जास्त हरवतो तो पत्राचा धागा. रॉचेस्टरची वेडी बायको माडीवर जिवंत आहे हे उघड होऊन लग्न ऐन वेळी मोडते ते योगायोगाने नव्हे. रॉचेस्टर दागिने आणि रेशमी कापड खरेदी करू लागतो तेव्हा जेनला ते ठेवलेल्या बाईसारखे वाटते. आपला स्वतःचा थोडा पैसा असावा म्हणून ती मदेराला राहणाऱ्या काकाला लग्नाची बातमी कळवते (प्रकरण 24). ते पत्र पोहोचते तेव्हा त्या बायकोचा भाऊ मेसन त्या काकाजवळच असतो, आणि तिथून वकील ब्रिग्ज लग्नाच्या वेदीपर्यंत येतो. म्हणजे स्वाभिमानापायी लिहिलेले पत्रच तिला त्या फसव्या लग्नातून सोडवते. पत्र घाईत उरकलेले असले की वकील आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तो प्रसंग आला की रिमोट खाली ठेवा.

'बायको वेडी होती तर घटस्फोट का नाही घेतला?' हा प्रश्न घरात कोणीतरी विचारतोच. त्या काळी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोटाला संसदेचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. न्यायालयातून घटस्फोट देणारा कायदा 1857 मध्ये आला, कादंबरीनंतर दहा वर्षांनी, आणि वेड हे कारण 1937 च्या कायद्यापर्यंत त्यात नव्हते.

मग मूर हाउसची, म्हणजे थॉर्नफील्ड सोडल्यावर जेनला आसरा देणाऱ्या घराची, प्रकरणे, 28 ते 35. पटकथाकाराची कात्री पहिली इथेच चालते. 1940 च्या दशकातल्या त्या चित्रपटात सेंट जॉन हा पाद्री जवळजवळ उडवलाच आहे. 2011 मध्ये कथा इथूनच सुरू करून मागे नेली आहे, ती तोड चांगली आहे. हा भाग आपल्याला जवळचा असायला हवा, कारण सेंट जॉनला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात यायचे असते. तो जेनचे जर्मन बंद करून तिला हिंदुस्तानी शिकायला बसवतो, पुढे लग्नाची मागणी घालतो. रॉचेस्टरजवळ ओढ आहे पण नियम नाही, सेंट जॉनजवळ नियम आहे पण ओढ नाही. ही जोडी नीट उभी राहिली नाही तर जेनचे परत जाणे नुसते प्रेमातले वेड वाटते. शिवाय ती परतते तेव्हा काकाच्या वारशाचे 20,000 पौंड सेंट जॉन आणि त्याच्या दोन बहिणींसह चौघांत वाटून 5,000 ची धनी झालेली असते. रूपांतरात हा आकडा ऐकू येतो का ते पाहा.

पुस्तकाबरोबर पाहायचे तर प्रकरणांचे टप्पे असे धरा: 1 ते 4 गेट्सहेड (मामीचे घर), 5 ते 10 लोवुड (शाळा), 11 पासून थॉर्नफील्ड, 26 मध्ये मोडलेले लग्न, 27 मध्ये निरोप. मालिका पुढे धावत असेल तर 27 तरी आधी वाचून घ्या. 2006 मध्ये हाच निरोप पलंगावर, चुंबनांसह घेतला आहे. तो परिणामकारक आहे, पण पुस्तकातली जेन ज्या कारणांनी नाही म्हणते ती त्यात पुसट होतात. वयस्कर मंडळी सोबत असतील तर आधी कल्पना द्या.

मालिका संपल्यावर दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. दिलीपकुमार आणि मधुबालाचा 1952 चा 'संगदिल' याच कादंबरीवर बेतलेला आहे. गॉथिकपणा आपल्या मातीत कसा उतरतो ते त्यात दिसते आणि सज्जाद हुसेनची गाणी वर नफ्यात. दुसरी, जीन ऱ्हीसची 1966 ची 'वाइड सरगासो सी', जी माडीवरच्या बायकोची, बर्थाची, बाजू सांगते. तिचेही बीबीसीने 2006 मध्येच रूपांतर केले, रिबेका हॉलला घेऊन. मात्र ती 'जेन एअर'च्या आधी कधीही लावू नका, आणि लगेच दुसऱ्या दिवशीही नको. आठवडाभर जाऊ द्या, म्हणजे रॉचेस्टरचा राग यायला मोकळीक मिळते.