‘गो’च्या पुढे ‘टू’ कधी, ‘इन’ कधी? या चुका टाळा

भुसावळला रेल्वे लाइनपलीकडच्या एका खोलीत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. पोरं यावल, फैजपूर, रावेर, बोदवडकडून येतात. निम्मी बँकेच्या परीक्षा देणारी, बाकीची पुण्यात नोकरी शोधणारी. पहिल्या दिवशी मी एकच काम देतो: काल कुठे कुठे गेलात, ते पाच वाक्यांत सांगा. ‘गो’चं ‘वेंट’ होतं हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो त्याच्या पुढच्या चिटुकल्या शब्दात. टू, इन, बाय, फॉर.

आपण मराठीत हे काम नामाला चिकटलेल्या प्रत्ययाकडून करून घेतो. शाळेत घोकलेलं ‘स, ला, ते’ आणि ‘त, ई, आ’ आठवा. इंग्रजीत नाम आहे तसंच राहतं, त्याच्या आधी वेगळा शब्द येतो, आणि तो कोणता यायचा हे बरंचसं क्रियापदावर ठरतं. आपण मात्र ‘त’ दिसला की ‘इन’, ‘ला’ दिसला की ‘टू’, ‘ने’ दिसला की ‘बाय’ असं लावत सुटतो.

बाजारात गेलो

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: “आय वेंट इन मार्केट.” आपण जळगावला जातो, पण बाजारात, शाळेत, मळ्यात, देवळात जातो. अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी बोलणारी मुलं ‘बजारमा’ म्हणतात, तीही तिथेच अडकतात. ‘गो’ला या फरकाशी देणंघेणं नाही. जायचं ठिकाण आलं की ‘टू’: “आय वेंट टू द मार्केट.” पोहोचल्यावर तिथे होतो, थांबलो, भेटलो, असं सांगताना ‘इन’ येतो: “आय वॉज इन द मार्केट.”

खरोखर आत शिरल्याचं दाखवायचं असेल तर ‘इंटू’. दोर तुटला आणि बादली विहिरीत गेली, तर “द बकेट वेंट इंटू द वेल.” इथे ‘टू द वेल’ म्हटलंत तर बादली आपल्या पायांनी विहिरीपर्यंत चालत गेली असं वाटेल.

‘कडे’चं तर भलतंच होतं. डॉक्टरकडे गेलो म्हणजे “आय वेंट टुवर्ड्स डॉक्टर” नव्हे. ‘टुवर्ड्स’ म्हणजे त्या दिशेने, पोहोचलात की नाही याची खात्री नाही. “आय वेंट टू द डॉक्टर” म्हणा. मामाकडे गेलात तर “टू माय अंकल्स हाऊस”.

“गो टू स्कूल” म्हणजे शिकायला जाणं. पालकसभेला गेलेले वडील “टू द स्कूल” जातात. एवढं पुरे.

घरी गेलो

“आय वेंट टू होम” ही चूक चांगल्या गुणांनी पास झालेलेही करतात. बाजारापुढे ‘टू’ लावायला शिकवल्यावर तर ती वाढतेच, म्हणजे दोष थोडा माझाही. बरोबर वाक्य “आय वेंट होम.” मध्ये काही नाही.

हे पाठ करायची गरज नाही, कारण आपल्याकडेही असंच आहे. आपण ‘घरला’ किंवा ‘घरात गेलो’ म्हणत नाही, ‘घरी गेलो’ म्हणतो. जायचं ठिकाण त्या ‘ई’मध्येच मुरलेलं असतं. जुन्या इंग्रजीत ‘होम’च्या रूपातूनच दिशा कळायची. ती रूपं पुढे झिजली, पण ‘गो होम’मधली जागा रिकामीच राहिली. ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ यांनाही ‘टू’ लागत नाही. शंका आली तर ‘तिथे’चं वाक्य करून बघा: “गो टू देअर” कानाला खटकतं ना? मग ‘टू होम’ही खटकलं पाहिजे.

एक पाचर मात्र आहे. घर कुणाचं ते सांगितलं की ‘टू’ परत येतो: “वी वेंट टू माय सिस्टर्स होम.” मराठीत ‘घरी’ आणि ‘ताईच्या घरी’ दोन्हीकडे ‘घरी’च राहतं, म्हणून हे लक्षातून निसटतं.

(जाता जाता: ‘वेंट’ हा मुळात ‘गो’चा नव्हेच, ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. पोरं हसतात, पण आपलं ‘जातो’ आणि ‘गेलो’ही दोन वेगळ्या धातूंतून आलंय, संस्कृतातल्या ‘याति’ आणि ‘गत’मधून.)

जळगावला खरेदीला गेलो

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. या मराठी वाक्यात दोन ‘ला’ आहेत, म्हणून मुलं दोन ‘टू’ देतात: “वी वेंट टू जळगाव टू शॉपिंग.” कुणी जरा सुधारून “फॉर शॉपिंग” करतो. आपल्याकडे तेही सर्रास चालतं, पण मुलाखतीत “वी वेंट शॉपिंग” म्हणावं.

आता जळगाव कुठे बसवायचं? मुलगा लगेच म्हणतो, “वी वेंट शॉपिंग टू जळगाव.” नाही. खरेदी कुठे झाली? जळगावात. म्हणून “वी वेंट शॉपिंग इन जळगाव.” ‘गो’च्या मागून ‘शॉपिंग’, ‘स्विमिंग’, ‘फिशिंग’ असा शब्द आला की ठिकाण त्या कामाला जोडलं जातं, जाण्याला नाही. तापीत पोहायला गेलो: “वी वेंट स्विमिंग इन द तापी.” ‘टू द तापी’ केलंत तर तापीपर्यंत पोहत गेलात.

मग दोन ‘टू’ कधीच येत नाहीत का? येतात. जळगावला सोनं घ्यायला गेलो: “वी वेंट टू जळगाव टू बाय गोल्ड.” पहिला ‘टू’ गावासाठी, दुसरा ‘घ्यायला’ या क्रियापदासाठी. ‘खरेदी’ नाम आहे, ‘घ्यायला’ क्रिया आहे, एवढाच फरक. “फॉर बायिंग गोल्ड” टाळा, आणि “फॉर टू बाय” तर चुकूनही नको.

लग्न, सभा, मळ्यातली भरीत पार्टी असा कार्यक्रम असेल तर ‘टू’: “वी वेंट टू अ वेडिंग.” थोड्या वेळाची, करून परत यायची गोष्ट असेल तर ‘फॉर’: “गो फॉर अ वॉक”, “गो फॉर अॅन इंटरव्ह्यू”. मराठीत सगळीकडे ‘ला’च.

कशाने गेलो

‘ने’ला ‘बाय’ बऱ्याचदा जमतं: बाय बस, बाय ट्रेन. पण वाहनाच्या आधी ‘द’, ‘अ’ किंवा ‘माय’ आलं की ‘बाय’ काढा. “बाय माय बाईक” नाही, “ऑन माय बाईक”. काकांच्या कारने: “इन माय अंकल्स कार”. ज्यात उभं राहून चालता येतं त्या बस-रेल्वेला ‘ऑन’, ज्यात वाकून बसावं लागतं त्या कार, रिक्षा, काळ्या-पिवळ्या जीपला ‘इन’. जीपच्या मागे लटकून जाणाऱ्यांचं काय, असं एकाने विचारलं होतं. त्याला ‘ऑन’ दिला. पायी म्हणजे “ऑन फूट”. “बाय वॉक” विसरा.

वेळेबद्दल थोडक्यात: सोमवारी ‘ऑन’, सहाला ‘अॅट’, सकाळी ‘इन द मॉर्निंग’, पण उद्या, काल, पुढच्या आठवड्यात यांना काहीच नाही. “आय विल गो ऑन टुमॉरो” खोडा. आणि मराठीत काळ आधी येतो, तर इंग्रजीत तो बहुधा शेवटी. मी फळ्यावर गावाजवळचंच वाक्य लिहितो: “गांधीजी वेंट टू फैजपूर फॉर द काँग्रेस सेशन इन १९३६.” कुठे, कशासाठी, केव्हा. फैजपूरच्या मुलांना ते एकदा सांगितलं की पुरतं.

गेलाय की जाऊन आलाय

एका मुलीने मला विचारलं, “सर, हॅव यू गॉन टू अजिंठा?” लेणी जळगावपासून साधारण ६० किलोमीटर, आणि मी तिच्यासमोर उभा. ‘हॅज गॉन टू’ म्हणजे गेलाय, अजून परतला नाही. जाऊन आल्याचं विचारायचं तर “हॅव यू बीन टू अजिंठा?” आणि एरवी ‘बीन’बरोबर ‘इन’ चालतो म्हणून इथे ‘इन’ लावू नका. ‘बीन इन’ म्हणजे तिथे मुक्काम.

सरावाच्या मुलाखतीत बोदवडचा एक पोरगा उलटं बोलला: “माय ब्रदर हॅज बीन टू सुरत फॉर वर्क.” मी म्हटलं, म्हणजे आता घरी असेल? “नाही सर, तो तिथेच असतो. दिवाळीला येतो.” मग ‘गॉन’ म्हण, आणि हे दिवाळीचंही इंग्रजीत सांग. तो जरा थांबला. “ही कम्स होम फॉर दिवाळी.”

‘होम’च्या आधी ‘टू’ नव्हता.