स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी ‘लिव्हिंग विल’चं अ‍ॅप बनवताय? या चुका टाळा

लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणं. त्याच्या अ‍ॅपमधली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फॉर्म आईचा आणि फोन मुलाच्या हातात. मुलगाच वाचतो आणि मग विचारतो, “आई, ते व्हेंटिलेटर वगैरे नको ना तुला?” आई म्हणते, “तुम्ही म्हणाल तसं.” मुलगा ‘नको’ दाबतो, स्क्रीनवर हिरवी खूण उमटते. आईचं मत कुठेच आलेलं नसतं.

यावर उपाय आहे. प्रश्न अ‍ॅपनेच मोठ्याने, सावकाश वाचावा. उत्तर कुणी दिलं हे दर प्रश्नाला नोंदवावं: स्वतः, मदत घेऊन की नातेवाइकाने. घरच्यांना बोलायचंच असतं. त्यांच्यासाठी वेगळं पान द्या, तिथे त्यांचं मत त्यांच्या नावावर राहील. शिवाय थोड्या वेळाने तोच प्रश्न फिरवून विचारा. “नळीने जेवण दिलेलं चालेल का?” आणि “नळी नको का?” या दोन्हींना ‘हो’ आलं, तर ते उत्तर धरू नका.

दुसरी चूक दारातच अडवण्याची. स्मरणशक्तीच्या चाचणीत गुण कमी पडले की अ‍ॅप पुढे जाऊच देत नाही. पण समज निर्णयागणिक बदलते. नळीचे फायदे-तोटे डोक्यात न राहणारी बाई “माझ्या वतीने धाकटी बोलेल, थोरला नाही” हे ठासून सांगू शकते. म्हणून हा प्रश्न आधी घ्या, उपचारांचे नंतर. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 4 मध्ये खाणाखुणांनी सांगितलेला निर्णयही धरला आहे आणि माहिती सोप्या भाषेत, चित्रांतून द्यायला सांगितलं आहे. मात्र या कायद्याच्या कलम 5 मधला आगाऊ निर्देश, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली इच्छा, मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो. लिव्हिंग विल ही निराळी गोष्ट, आणि अनेक अ‍ॅप्स इथेच घोळ घालतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये लिव्हिंग विल मान्य केलं ते सुजाण, परिणाम समजणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी. म्हणजे निदान झाल्या झाल्या, समज शाबूत असतानाच ते करायला हवं. नुसतं ‘सबमिट’ दाबून ते होत नाही. दोन साक्षीदार लागतात. त्यानंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. 2023 च्या बदलाआधी यासाठी न्यायदंडाधिकारी लागत. कुटुंबाच्या डॉक्टरांना प्रत द्यायची, आणि महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही. अ‍ॅपने छापता येईल असा कागद आणि पुढच्या पायऱ्या द्याव्यात. आजार पुढे गेलेला असेल तर ‘इच्छांची नोंद’ एवढंच नाव द्या, उगाच कायद्याचा आव आणू नका.

स्क्रीनचे दोष सगळ्यांना माहीत असतात, तरी सुटत नाहीत: पाच मिनिटांत लॉगआउट, फिकट राखाडी अक्षरं, तीन आडव्या रेघांमागे लपवलेला मेनू, शून्य ते दहाची पट्टी. ओटीपीचे सहा आकडे मेसेजमधून लक्षात ठेवून अ‍ॅपमध्ये टाकायचे, ही तर स्मरणशक्तीचीच परीक्षा झाली! एका पानावर एकच प्रश्न ठेवा आणि ‘मागे’ गेल्यावर उत्तर पुसू नका. आयसीयूचा फोटो घाबरवतो आणि हसऱ्या पेशंटचा भुलवतो, तेव्हा साधं रेखाचित्र वापरा. व्हेंटिलेटर न्यूमोनियासाठी चार दिवस की कायमचा, हेही वेगवेगळं विचारा.

मंगळवारी ‘हो’, गुरुवारी ‘नाही’ आलं की डेव्हलपर जुनं उत्तर पुसून नवं ठेवतो. दोन्ही तारीख-वेळेसह ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अनेकांचा गोंधळ दिवस कलताना वाढतो, त्यामुळे ‘नाही’ सकाळी आलं की संध्याकाळी, याला महत्त्व आहे. आठवण करून देणाऱ्या सूचना शक्यतो सकाळच्या लावा.

चाचणी ऑफिसातल्या तरुणांवर किंवा शेजारच्या खणखणीत आजोबांवर करून भागत नाही. सौम्य स्मृतिभ्रंश असलेली माणसं हवीत, आणि दर खेपेला त्यांची संमती नव्याने घ्यायला हवी. ‘आता पुरे’ हे बटण पहिल्या पानापासून द्या. ते कितव्या प्रश्नाला दाबलं जातं ते बघितलं, की फॉर्म कुठे तोडायचा ते कळतं.