आधी गिऱ्हाईक ठरवा, मग ब्रोशर छापा

नाशकातल्या अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत चक्कर मारा. कितीतरी शेडवर पाटी दिसेल, 'सर्व प्रकारची फॅब्रिकेशनची कामे केली जातील'. कंपनीसाठी खरेदी करणाऱ्या परचेसवाल्याला त्यातून काय कळणार? माझं शीट मेटलचं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिकल पॅनेलची एन्क्लोजर, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या पेट्या, बनवते. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना मी सांगते, वेबसाइट, ब्रोशर, प्रदर्शनातला स्टॉल सगळं नंतर. आधी माल कुणाला विकायचा आणि कुणाला नाही, ते एका कागदावर लिहा.

सुरुवात जुन्या बिलांपासून करा. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे लिहायचं: नफा उरला का, पैसे कधी आले, ऑर्डर पुन्हा आली का. तिन्हीत जे बसले, तसेच आणखी शोधायचे. नाशकात गाड्यांचे कारखाने आहेत म्हणून जो तो ऑटोच्या मागे धावतो. पण तिथे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक), पीपीएपीची (पार्ट मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं हे सगळं सांभाळायला माणूस लागतो. तो नसेल तर सध्या ऑटो नको, असं कागदावर स्पष्ट लिहा. हे लिहिताना हात थरथरतो, मान्य आहे.

मग ऑर्डर देणार कोण, हे बघा. कंपनी ऑर्डर देत नाही, तिथली तीन-चार माणसं मिळून देतात, आणि प्रत्येकाची काळजी वेगळी. डिझाइनवाल्याला आयपी ५५ चा, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाच्या श्रेणीचा, टेस्ट रिपोर्ट हवा. त्यातला पहिला ५ धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. क्वालिटीवाला पावडर कोटिंगची जाडी किती मायक्रॉन ते विचारणार. परचेसला भाव आणि तारीख. अकाउंट्सला बिलात चूक नको. आपण मात्र चौघांनाही तेच चकचकीत ब्रोशर देतो! त्यापेक्षा डिझाइनवाल्याला आधी गाठा. ड्रॉइंगवर तुमचं एन्क्लोजर आलं की परचेसकडे घासाघीस निम्मी होते.

आता एक वाक्य तयार करा. उदाहरणार्थ: 'पॅनेल बनवणाऱ्यांसाठी आयपी ५५ एन्क्लोजर, ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून १२ दिवसांत, एक नग असला तरी.' कोटेशनवर, कार्डावर, व्हॉट्सअ‍ॅपवर हेच. १२ दिवस जमत नसतील तर १८ लिहा, पण लिहिलेलं पाळा.

उधारीही याच कागदावर ठरवा. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; करार नसेल तर १५ दिवसांत. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यातच ते आहे. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापा आणि पहिल्याच बैठकीत गोड शब्दांत सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर भांडण वाटतं.

हिशेब लाइक्सचा नको. किती कोटेशनच्या पीओ (खरेदीच्या लेखी ऑर्डरी) झाल्या आणि बाकीची कोटेशनं का गेली, ते दर महिन्याला वहीत लिहा. फोन करून विचारलं की 'भाव जास्त होता' हे ठरलेलं उत्तर येतं. तेवढ्यावर फोन ठेवू नका. किती टक्क्यांनी जास्त, ते विचारा. समोरचा आकडा सांगायला अडखळला तर कारण दुसरंच असतं, आणि ते बहुधा डिझाइनच्या टेबलावर सापडतं.