सर्वाधिक पगाराच्या नोकऱ्यांची यादी हाती आली, तर ती कशी वाचावी

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी मला अशी यादी पाठवतं. वर शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, मग वैमानिक, मग कंपन्यांचे मुख्य अधिकारी, आणि खाली एक ओळ : "हे खरंच एवढं कमावतात का गं?" पंधरा-सोळा वर्षं मी मनुष्यबळ विभागात पगारांची तुलना करण्याचंच काम केलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. बहुतेक वेळा आकडा खरा असतो. फक्त तो कोणाचा, कधीचा आणि कशाकशाची बेरीज, हे यादी करणाऱ्याने कापून टाकलेलं असतं. ते परत जोडायचं कसं, ते सांगते.

त्याआधी एक सल्ला खोडून काढते, कारण तो सगळीकडे मिळतो : "तीन-चार वेबसाइटवरचे आकडे घ्या आणि त्यांची सरासरी काढा." कृपा करून असलं काही करू नका. चारही ठिकाणी आकडा बहुधा एकाच जागेवरून उचललेला असतो. एकच माणूस चार आरशांत दिसला म्हणून चार साक्षीदार मिळाले असं होत नाही.

१. आकड्याचं मूळ गाठा.

सर्वेक्षण कोणी केलं, कोणत्या वर्षी, कोणत्या देशात, एवढं सापडलं तरच पुढे जा. नाहीतर यादी सोडून द्या. जगभर फिरणाऱ्या बऱ्याच याद्या अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या आकड्यांवरून केलेल्या असतात. हा विभाग मे महिन्याचा संदर्भ धरून व्यवसायवार पगार छापतो आणि त्यासाठी तीन वर्षांत मिळून सुमारे ११ लाख आस्थापनांकडून माहिती मागवतो. ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एप्रिलचा पगार धरतं आणि करखात्याच्या नोंदींमधून १ टक्का नोकऱ्यांचा नमुना घेतं. दोन्ही कामं चोख असतात. पण कुठल्याही देशाचा आकडा चलनाच्या दराने गुणून स्वतःच्या गावी आणायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

२. व्यवसायाचं नेमकं नाव पाहा.

"वैमानिक" म्हणजे कोण? अमेरिकेच्या मे २०२३ च्या आकडेवारीत प्रवासी विमान कंपन्यांच्या वैमानिकांचा मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला) वर्षाला २,१९,१४० डॉलर होता. भाड्याची विमानं, फवारणी, रुग्णवाहतूक अशी कामं करणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांचा १,१३,०८०. जवळजवळ निम्मा. यादीत पहिला आकडा येतो आणि फोटो दुसऱ्याचाही चालून जातो.

३. सरासरी की मध्यक, ते तपासा.

पाच जणांचे पगार ४०, ४५, ५०, ६० आणि ६०० असतील तर सरासरी १५९ येते, मध्यक ५०. मध्यक घ्या. हे शाळेत शिकलेलं आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

एक गंमत मात्र माहीत असू द्या. अगदी वरच्या व्यवसायांचा मध्यक अमेरिकेचा विभाग छापतच नाही. तिथे नुसती एक खूण असते. २०२३ च्या तक्त्यांत तिचा अर्थ होता "२,३९,२०० डॉलर किंवा त्याहून जास्त". हा विचित्र आकडा येतो कुठून? तासाला ११५ डॉलर गुणिले वर्षाचे २,०८० तास. सरासरी मात्र पूर्ण छापलेली असते, म्हणून यादीवाले क्रम लावायला तीच उचलतात. म्हणजे नेमक्या पहिल्या दहा-पंधरा जागांवर तुमच्या डोळ्यांपुढे सरासरी असते, आणि खाली कुठेतरी गुपचूप मध्यक सुरू होतो.

ते २,०८० तास म्हणजे आठवड्याचे ४० गुणिले ५२. तासाच्या दरावरून वर्षाचा पगार असा काढतात. ज्याला वर्षभर काम असतं त्याला हे लागू पडतं. नट, नर्तक, वादक यांना ते नसतं, म्हणून विभाग त्यांचा फक्त तासाचा दर देतो आणि वर्षाचा रकाना रिकामा ठेवतो. मग कोणीतरी उत्साही माणूस तो रकाना स्वतःच भरून टाकतो. जहाजावरच्या अधिकाऱ्यांचंही तेच. अनेकांना पगार फक्त करारावर असतानाच मिळतो, जमिनीवरचे महिने कोरडे. यादीत मात्र महिन्याचा आकडा सरळ १२ ने गुणलेला.

४. आकड्यात कोण नाही, ते शोधा.

इथे थांबायचं. बाकीच्या पायऱ्या कोणालाही जमतात. या पायरीवर मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती. माझा पगार बाजारापेक्षा कमी आहे अशी खात्री होती, फक्त पुरावा नव्हता. आमच्या वर्गातल्या साठ जणांना मी एक छोटा तक्ता पाठवला : हुद्दा, अनुभव, वर्षाचा पगार, नाव नको. तेवीस उत्तरं आली. मी मध्यक काढला (सरासरी नाही, एवढी हुशार होते), सुबक आलेख केला आणि साहेबांपुढे ठेवला. त्यांनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "उरलेले सदतीस काय करतात?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन राग आला, आणि त्या रागाच्या भरात पुढचे दोन आठवडे मी एकेकाला फोन लावले. अठरा जण सापडले. पाच जणांनी हे क्षेत्रच सोडलं होतं. तीन जणी मुलं लहान म्हणून घरी होत्या. एकाला चार महिने पगारच मिळाला नव्हता आणि तो ते कोणाला सांगत नव्हता. दोघे अर्धवेळ. बाकीच्यांचा पगार माझ्याइतका किंवा कमी. तक्ता का भरला नाहीस असं विचारलं तर एक मैत्रीण म्हणाली, "काय लिहू त्यात?" तेवीस जणांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. ज्याच्याकडे सांगण्यासारखं होतं त्याने सांगितलं, एवढंच. त्या वर्षी पगारवाढ मागायला मी पुन्हा गेले नाही.

तेव्हापासून कुठलाही पगाराचा आकडा दिसला की मी आधी गैरहजर लोक मोजते. तुम्हीही तेच करा. गैरहजेरी साधारण चार प्रकारची असते आणि प्रत्येक प्रकाराने आकडा वेगळ्या दिशेला सरकतो.

पहिला प्रकार म्हणजे ज्यांनी उत्तरच दिलं नाही. स्वतःहून पगार नोंदवायच्या वेबसाइटवर हेच घडतं. तिथे चांगला पगार असलेला माणूस फुशारकीने लिहितो, आणि जेमतेम पगाराचा गप्प बसतो. असल्या ठिकाणचा आकडा मी तळमजला म्हणून कधीच वापरत नाही, छत म्हणून वापरते.

दुसरा, ज्यांना मोजायचंच नाही असं आधीपासून ठरलेलं असतं. वर सांगितलेली अमेरिकी आणि ब्रिटिश सर्वेक्षणं नोकरदारांची आहेत. स्वतःचा व्यवसाय करणारे त्यात येत नाहीत. दंतवैद्य, वकील, वास्तुविशारद यांच्यात स्वतःचं दुकान थाटलेले कितीतरी असतात. त्यात भरभराटीला आलेलेही असतात आणि जेमतेम भाडं काढणारेही. म्हणजे या व्यवसायांत आकडा वर सरकला की खाली, हे त्या तक्त्यावरून कळूच शकत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरा, जे वाटेत गळाले. कॉलेजच्या जाहिरातीतला "सरासरी पगार" हा नोकरी मिळालेल्यांचा असतो. शंभरातल्या चाळीस जणांना नोकरी लागली असेल तर भागाकार चाळीसने केलेला असतो. वैमानिकांच्या पगारात ते लोक नसतात ज्यांनी परवाना काढला आणि विमान कंपनीची दारं त्यांना उघडलीच नाहीत. तुम्ही व्यवसाय निवडताना उभे असता ते या सगळ्यांच्या रांगेत, पोचलेल्यांच्या रांगेत नव्हे.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा : मधला माणूसच नसतो. अमेरिकेत कायद्याच्या पदवीधरांचे पहिले पगार एनएएलपी ही संस्था दरवर्षी गोळा करते. त्या आलेखाला २००० नंतर दोन उंचवटे आले. २०१४ च्या तुकडीत एक ढीग ४० ते ६५ हजार डॉलरला होता आणि दुसरा, लहान पण टोकदार, १ लाख ६० हजारला. म्हणजे मोठ्या फर्मचा ठरीव पगार. सरासरी पडते दोन्हींच्या मधल्या दरीत, जिथे जवळजवळ कोणीच नसतं. इथे मध्यकही तुम्हाला वाचवत नाही. शिवाय मोठ्या फर्मचे पगार हमखास कळतात आणि छोट्यांचे निसटतात, हे त्या संस्थेनेच मान्य केलं आहे. म्हणून ती सरासरीत तशी दुरुस्ती करते. यादीवाले अर्थातच दुरुस्तीआधीचा आकडा घेतात. दुरुस्तीनंतरचा कमी भरतो ना!

ज्या व्यवसायात थोड्या मोठ्या संस्था आणि असंख्य छोट्या असतात, तिथे असे दोन ढीग असणार हे धरूनच चाला. मग प्रश्न बदलतो : या व्यवसायात पगार किती, हे विचारण्यात अर्थ उरत नाही, दुसऱ्या ढिगात जायला काय लागतं, आणि आपण तिथे जाण्याची शक्यता किती, हे विचारावं लागतं.

५. पॅकेज फोडा.

अमेरिकेच्या त्या सरकारी आकड्यात कमिशन आणि बक्षिशी धरतात, पण जादा वेळेचा मोबदला आणि शेअर धरत नाहीत. बातमीतल्या पॅकेजमध्ये मात्र सगळं कोंबलेलं असतं. समजा पॅकेज १०० आहे. त्यात ठरलेला पगार ६०, कामगिरीवरचा बोनस १५, रुजू होण्याचा बोनस १०, शेअरचा या वर्षीचा हिस्सा १०, आणि विमा-निवृत्तीपोटी कंपनी भरते ते ५. दुसऱ्या वर्षी रुजू होण्याचा बोनस जातो. कामगिरीचा बोनस साहेबांच्या आणि बाजाराच्या मर्जीवर. शेअर साधारणपणे चार वर्षांत थोडेथोडे मिळतात, बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलंत तर शून्य. शिवाय त्यांचा भाव नेमणूकपत्राच्या दिवशीचा असतो. दुसऱ्या वर्षी ठामपणे स्वतःचे म्हणता येतील असे उरतात ६०, आणि त्यावर कर. दोन नोकऱ्यांची तुलना करायची तर या ६० ची करा. रुजू होण्याचा बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, तेही नेमणूकपत्रात शोधा. ते पहिल्या पानावर कधीच नसतं.

६. वर्षं आणि तास मोजा.

अमेरिकेत शल्यचिकित्सक व्हायला पदवीची चार, वैद्यकीय महाविद्यालयाची चार आणि प्रशिक्षणाची पाच वर्षं लागतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती सात होतात. एक जण बाविसाव्या वर्षी ५० वर लागला आणि दुसरा तेहेतिसाव्या वर्षी, तर तोवर पहिल्याने ५५० मिळवलेले असतात. दुसऱ्याचा पगार २०० असेल तर तो चार वर्षांच्या आतच भरपाई करतो. ९० असेल तर जवळजवळ चौदा वर्षं लागतात, आणि यात फी आणि कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. तास तर सरळच : आठवड्याच्या ६५ तासांचे १४० हे ४० तासांच्या १०० पेक्षा कमी दराचे आहेत.

७. तिघांना विचारा, पण नीट.

"तुम्हाला पगार किती?" असं विचारलं की माणूस आवळतो, नाहीतर फुगवतो. मी दोनच प्रश्न विचारते. "आज तुमच्याकडे तीन वर्षं अनुभवाचा माणूस आला तर त्याला किती देतील?" आणि "तुमच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी अजून याच कामात किती आहेत?" दुसऱ्या प्रश्नावर माणसं आधी हसतात आणि मग बोटं मोजायला लागतात. तिघांतला एक तरी ते काम सोडून गेलेला असावा. तो सगळ्यात मोकळेपणाने बोलतो.

शेवटी कागदावर एक आकडा लिहू नका, दोन लिहा : जेमतेम जमलं तर किती, बरं जमलं तर किती. आणि शेजारी तारीख घाला. माझ्या जुन्या वहीत असे चाळीसेक व्यवसाय आहेत, तारखेशिवाय, आणि त्यांतला एकही आता मला वापरता येत नाही.